चार वाजताचा फोटो

सुधाताई गेली तेव्हा मी बडोद्याच्या सयाजीगंजात एका टपरीवर चहा पीत उभा होतो. फोन तिच्या शेजारणीचा होता. "तमे जलदी आवो, सुधाबेन ऊठतां नथी," एवढंच ती म्हणाली. समा भागातल्या तिच्या इमारतीशी पोचलो, फाटकाशी स्कूटर लावली आणि त्या दिवशी मात्र कुठंही न थांबता तीन जिने चढलो. ताई गॅलरीतल्या खुर्चीत बसलेली होती. मांडीवर कॅमेरा... आणि आतल्या खोलीतून भाऊजी सारखे विचारत होते, "झाला का फोटो?" त्यांना उत्तर द्यायचं धैर्य मला झालं नाही, शेजारणीनंच ते काम केलं.

भाऊजी गोरव्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. ताई चित्रकलेची शिक्षिका. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेतल्या बायकांनी वर्गणी काढून हा लांबचं जवळ आणणारा कॅमेरा दिला, आता फिरा म्हणाल्या. वर्षाच्या आत भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. मूलबाळ नाही, इमारतीला लिफ्ट नाही. त्यानंतरची सहा वर्षं ताईचं फिरणं म्हणजे स्वयंपाकघर ते गॅलरी. मी एकदा म्हणालो, दोन दिवस आमच्याकडे राहायला ये, बाई ठेवू. तर म्हणाली, "आणि तिथं बसून मी काय करू? घड्याळच बघणार ने." वर हसली. तिचं हे हसणं मला सोसायचं नाही, म्हणून मी तो विषयच सोडून दिला.

दुपारी चारला भाऊजींना कुशीवर वळवलं, की ती गॅलरीत जाऊन एक फोटो काढायची. रोज एकच. मग कॅमेऱ्याचा इवलासा पडदा भाऊजींच्या डोळ्यांसमोर धरायची. भाजीची लारी म्हणजे हातगाडी, तारेत अडकून राहिलेला उत्तरायणातला पतंग, समोरच्या टाकीवर चढलेला माणूस... त्या एका फोटोवर दोघं अर्धा तास बोलत. लारीवाल्यानं दुधी कुठून आणला इथपर्यंत चर्चा. भाऊजींना खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. त्यांचं बडोदं म्हणजे ते एक मेमरी कार्ड होतं. घरात संगणक नव्हता, त्यामुळे सगळं त्या कार्डातच.

गेल्या वर्षी कॅमेरा कार्ड वाचेना. ताईनं कॅमेरा आणि कार्ड दोन्ही माझ्या हातात दिलं.

इथं आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. आजोबा संस्थानाच्या दफ्तरखान्यात होते, आणि आपल्या हातून कधी कागद हरवला नाही हे ते जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर सांगत. हरवलं हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा. तर मी, दफ्तरदाराचा नातू, कार्ड लॅपटॉपला लावून बसलो. पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायचं का? कचेरीत आयुष्यभर न वाचता सह्या केलेला माणूस मी. दाबलं हो. कार्ड चालू झालं आणि आत काहीच नव्हतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण कार्ड बरं झालंय का हे बघायला मी पंख्याचे फोटो काढले, कुंड्यांचे काढले आणि नातीच्या नाचाचा लांबलचक व्हिडिओही घेतला.

मग घाबरलो. दुकानात न्यायचं तर आपला पराक्रम सांगावा लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत कार्ड कपाटात ठेवलं, कॅमेरा ताईला परत केला आणि कार्ड दुरुस्तीला दिलंय असं सांगितलं. मी तिच्याकडे गुरुवारी चारला जायचो. दर गुरुवारी ती विचारायची आणि दर गुरुवारी मी दुकानदाराला शिव्या घालायचो. असा दुकानदार नव्हताच. नवं कार्ड आणतो म्हटलं तर म्हणाली, "आधी जुनं येऊ दे." आठ महिने ती रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होती आणि आत जाऊन भाऊजींना तोंडी सांगत होती, आज काय दिसलं ते. मला हे माहीत होतं. मी सांगू शकलो नाही. एकदा सांगायचं राहिलं की पुढं रोज ते जास्त अवघड होत जातं.

तेराव्यानंतर कार्ड घेऊन एका खऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "काका, तरत लाव्या होत तो बधा निकळी जात." लगेच आणलं असतं तर सगळे निघाले असते. फॉरमॅट केल्यानं फोटो जात नाहीत, आत तसेच कोंडलेले असतात, जातात ते वरून नवीन काढल्यानं. म्हणजे माझ्या पंख्यानं आणि नातीच्या नाचानं ताईची वर्षंच्या वर्षं पुसली होती. चार दिवसांनी त्यानं दोनशेच्या आसपास फोटो काढून दिले. काही अर्धे राखाडी.

ते लॅपटॉपवर घेऊन मी भाऊजींच्या उशाशी बसलो. लारी आली, टाकी आली. मग मी आलो. फाटकापाशी, बंद स्कूटरवर बसलेला, घड्याळ बघणारा. थोड्या फोटोंनंतर परत मी. शर्ट दुसरा, बसणं तेच. वर जायचं जिवावर यायचं म्हणून दर गुरुवारी मी खाली दहा मिनिटं बसून काढायचो. हे कुणाला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी घाईनं पुढचा फोटो लावायला लागलो.

"थांब," भाऊजी म्हणाले. "हा गुरुवारचा. मी म्हणायचो, हाक मार त्याला. तर म्हणायची, बसू दे. वर आला की त्याला लगेच उठायचं असतं."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. हो कुणी दाबलं, कार्ड कुठं होतं, सगळं. रडलोही. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, आणि म्हणावं असं मी तरी कोणत्या तोंडानं सांगू? मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजले. बघ काय आहे बाहेर."

कार्ड मी परत कॅमेऱ्यात घालत नाही. दुकानदारानं सांगितलंय, आत अजून काही अडकलेलं असू शकतं, त्यावर आता एकही फोटो काढू नका. खुंटीवरचा कॅमेरा घेतला आणि गॅलरीत गेलो. पडद्यावर कार्ड नसल्याची खूण लुकलुकत होती. ताईसारखं एकदाच बटण दाबलं आणि आत आलो.

"काय निघालं?" भाऊजींनी विचारलं.

"खाली माझी स्कूटर आहे," मी म्हणालो. "तिच्यावर कोणी बसलेलं नाही."