तक्क्याची कंबर

माझे दाजी शिंपी आहेत आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही माणसाला त्याच्या कमरेचं खरं माप सांगितलेलं नाही.

हा खोटेपणा नव्हे, ती त्यांच्या धंद्याची रीत आहे. टेप गुंडाळायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, आणि कापायच्या टेबलामागे बसलेल्या माझ्या ताईनं तो वहीत लिहायचा. नवं गिऱ्हाईक असेल तर दाजी एक इंच कमी सांगणार, जुनं असेल तर दोन आणि अगदी घरचं माणूस असेल तर तीन. ताई माणूस बघून तेवढे इंच मनातल्या मनात वाढवते आणि वहीत खरा आकडा लिहिते. पँट झकास बसते आणि गिऱ्हाईक चार जणांना सांगत सुटतं की या दुकानात कंबर कमी भरते. माझं इस्त्रीचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे हे नाटक मी बावीस वर्षं फुकटात बघतोय. दाजींच्या मते माझी कंबर अजून तीस आहे. माझा यावर विश्वास आहे.

तर हे दाजी एकदा बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात पडदे पोचवायला गेले आणि येताना कुत्रा घेऊन आले. ताईनं विचारलं, हे काय आणलंत, तर म्हणाले, कुत्रा आहे. सांगणं भागच होतं, कारण बघून कळत नव्हतं. चार आखूड पाय पोटाखाली कुठेतरी होते आणि मान नावाचा प्रकार नव्हता. ताईनं बघताक्षणी त्याचं नाव तक्क्या ठेवलं. तक्क्या आधी एका बेकरीवाल्याकडे होता आणि तुटक्या बिस्किटांवर वाढला होता. बेकरीवाला गाव सोडून गेला. मग त्याला दोन घरांनी दत्तक घेतलं आणि दोन्ही घरांतून तो आणखी जाड होऊन परत आला.

म्हणून निवाऱ्याच्या डॉक्टरांनी दाजींकडून कागदावर सही घेतली होती. डॉक्टर स्वतः चांगले ऐसपैस होते, त्यांच्या पांढऱ्या कोटाचं शेवटचं बटण एका धाग्यावर जीव धरून होतं, पण बोलणं कडक. तक्क्याचं वजन अकरा किलो, हृदय दमत चाललंय. सहा महिन्यांत वजन साडेआठवर आलं तर कुत्रा तुमचा, नाहीतर परत इथे.

दाजींनी सही ठोकली, कारण त्यांना वाटलं, मापाचं काम आहे, आपल्याला कोण शिकवणार?

दर रविवारी सकाळी दुकानात तक्क्याला टेबलावर उभं करायचे. दाजी टेप गुंडाळायचे, आकडा सांगायचे, ताई लिहायची. पहिल्या रविवारी तेवीस. मग बावीस, मग बावीसच, मग एकवीस. आम्ही सगळे हरखून गेलो. इतकं यश मिळतंय म्हटल्यावर दाजी त्याला संध्याकाळी एक बिस्किट बक्षीस देऊ लागले. गिऱ्हाइकं ट्रायलला आली की काहीबाही घेऊन यायची. मीही रोज पावाचा कडेचा तुकडा टाकत होतो, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे. फिरायला नेलं की तक्क्या वीस पावलांवर बसकण मारायचा आणि दाजी त्याला उचलून अख्खा चौक फिरवून आणायचे. व्यायाम होत होता, फक्त दाजींचा.

दीड महिन्यानं पहिली तपासणी होती. दाजींनी नवा शर्ट घातला आणि वही डॉक्टरांपुढे अशी ठेवली, जणू पोराचं प्रगतिपुस्तकच. डॉक्टरांनी वही वाचली, तक्क्याला काट्यावर ठेवलं आणि काटा अकरा किलो चारशे ग्रॅमवर थांबला. मग त्यांनी स्वतःची टेप काढून पोटाला लावली. साडेचोवीस इंच.

बरोबर आलेल्या ताईनं वही ओढून सगळे आकडे पुन्हा वाचले. मग ताई हळूच म्हणाली, "अहो, त्यालापण?"

"माझ्याकडे बघत होता गं," दाजी म्हणाले.

झालं होतं ते असं. पहिल्या रविवारी तक्क्या नवं गिऱ्हाईक होता, म्हणून एक इंच सूट. मग तो जुना झाला, दोन इंच. चौथ्या रविवारपर्यंत तो घरचाच झाला. कुत्र्याची खुशामत कोण करेल, असं समजून ताई बिचारी ऐकलेला आकडा जसाच्या तसा लिहीत होती. कुत्रा फुगत होता आणि वहीत मात्र त्याची कंबर दाजींच्या मायेनं उतरत होती.

डॉक्टर एवढंच म्हणाले की कागदावरची अट कायम आहे. परतताना दाजींनी तक्क्याला अख्खी वाट कडेवरून उतरवलं नाही. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. चाळीस वर्षं मान खाली घालून या माणसानं लोकांचे कपडे शिवले, आणि ते घरी आल्यावर दाराशी धावत यायला कधी कुणी नव्हतं. ताई कशी धावणार, ती त्यांच्याबरोबरच दुकान बंद करून येते. आता बाजारातून आले तरी तक्क्या मशिनखालच्या चिंध्यांतून उठून दारापर्यंत यायचा. तो परत गेला असता तर दाजी मोडून पडले असते, हे आम्हा दोघांना स्वच्छ दिसत होतं.

मग ताईनं सूत्रं हातात घेतली. दुकानावर पाटी लागली: कुत्र्याला खायला घालू नये, मालकालाही नाही. माझ्या पावावर जप्ती आली. चालण्याचा तिढाही तिनंच सोडवला. तक्क्या फक्त बेकरीच्या वासानं चालतो, हे तिनं हेरलं होतं. आमच्या रस्त्याच्या दोन टोकांना दोन बेकऱ्या आहेत. या बेकरीपासून त्या बेकरीपर्यंत तो आशेनं धावायचा, तिथे काही मिळालं नाही की दाजी त्याचं तोंड पहिल्या बेकरीकडे वळवायचे, की पुन्हा तीच आशा. रोज सकाळ-संध्याकाळ तो चार-चार वेळा फसला. दोन्ही बेकरीवाले म्हणायचे, इतकं निष्ठावंत आणि इतकं बिनकामाचं गिऱ्हाईक आम्ही पाहिलं नाही.

टेप मात्र ताईनं मुद्दाम दाजींच्याच हातात ठेवली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांची जीभ वळेना. "साडे," म्हणाले आणि घाम पुसला. "साडेचोवीस," म्हणाले आणि तक्क्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले, जणू काय शिवीच दिली. पण हळूहळू सवय झाली आणि आकडा खरोखरच उतरू लागला. चौथ्या महिन्यात तक्क्याला मान निघाली. दाजी येईल त्या गिऱ्हाइकाला ती दाखवायचे.

सहा महिने भरले त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. तक्क्या काट्यावर स्वतः चढला. मी मागून वाकून बघितलं, आठ किलो सातशे. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "साडेआठ," ते म्हणाले आणि लिहायला पेन उचललं.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात दाजी बोलले. "नाही डॉक्टर. आठ सातशे आहे."

ताईनं त्यांच्या पायावर पाय दिला. जन्मभर लोकांना इंचाइंचानं बारीक करणाऱ्या माणसाला खरं बोलायला नेमका हाच मुहूर्त सापडावा, याचा मला इतका संताप आला की काही विचारू नका. दाजी तक्क्याला पोटाशी धरून उभे होते. "त्याच्या जिवाचं आहे हो," ते म्हणाले. "तिथे कमी सांगून कसं चालेल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की आधीच्या दोन्ही घरांनी दर महिन्याला फोनवर वजन कमीच सांगितलं होतं आणि दोन्हीकडून हा फुगून आला. तुम्ही काय करता, तेवढंच बघायचं होतं. "दोनशे ग्रॅम उतरतील. न्या त्याला घरी."

त्यांनी कागदावर आठ सातशे असंच लिहिलं आणि खाली सही केली. दाजी तक्क्याच्या नव्या मानेत तोंड खुपसून हमसून रडले. तक्क्यानं त्यांचा कान चाटला, बहुधा काही लागलंय का ते बघायला.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं की हा कोट फार जुना झालाय, नवा शिवायला घ्याल का? दाजींच्या गळ्यात टेप असतेच. त्यांनी डोळे पुसले आणि टेप गुंडाळली.

"खरं सांगा हं," डॉक्टर म्हणाले.

दाजींनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "चाळीस," ते म्हणाले.

ताईनं मान वर न करता वहीत लिहिलं, त्रेचाळीस.