एक वेलावर ठेव

उदय, मी पार्से सोडलं त्या सकाळी बाबा टॅक्सीजवळ नव्हते, हे तुला आठवत असेल. बॅगा तूच डिकीत कोंबल्यास. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं आणि माटोळीतली कवंडळं, ती लाल रानफळं, टोपलीत घालून बाबा डोंगरावर गेले होते. फळ फोडायचं, बी जुन्या वेलाच्या बुंध्याशी पुरायचं, हे त्यांचं दरवर्षीचं काम. लेक इंग्लंडला चालली म्हणून ते चुकणार नव्हतं. शेवटी आले धापा टाकत आणि मातीचे हात तसेच माझ्या डोक्यावर ठेवले. "जा. चवतीक मात्र येवक व्हया," एवढंच म्हणाले. विमानात माझ्या केसांतून माती गळत होती.

मी येतेच. केअर होममधल्या शिफ्टा, ड्यूटीचा रोटा, सगळं सांभाळून चवथीची सुट्टी आधी टाकते. मॅनेजरला दरवर्षी माटोळी समजावते, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली फळं बांधतात आणि मधोमध लालभडक कवंडळं. "अच्छा, डेकोरेशन," ती म्हणते. मी हो म्हणते. तिथल्या एखाद्या आजोबांना आंघोळ घालायची वेळ झालेली असते.

तुला हे समजावावं लागणार नाही. काका, तुझे वडील, गेल्यावर बाबांनी तुला माझ्या आधी डोंगर दाखवला. तू पुढे, मी मागे. शेवटच्या फळाकडे हात गेला की माझ्या पाठीत धपाटा बसायचा. "एक वेलार ठेव गो. फुडल्या चवतीक खंय जातलंय?" आणि वेलांच्या जागा वाड्यावर कुणाला सांगायच्या नाहीत, ही दुसरी ताकीद. तू ती माझ्यापेक्षा जास्त पाळायचास. तुझ्या मित्रांना तू मुद्दाम उलट्या वाटेने फिरवून आणायचास आणि आपण घरी येऊन हसायचो.

यंदा मोपा विमानतळावर उतरून घरी आले तर बाबांचा गुडघा सुजलेला. "तूच जा," म्हणाले आणि कोयती हातात दिली. मी गेले. पहिला वेल रिकामा. दुसरा रिकामा. माकडं असतील म्हटलं. पण देठ कात्रीने कापलेले होते, उदय. माकडं कात्री वापरत नाहीत.

मग वरच्या सपाटीवर ते दिसलं. माट्टीच्या झाडांना वेताचं भलंमोठं कडं बांधलेलं आणि त्याला आपल्या डोंगरावरची सगळी कवंडळं टांगलेली. खाली पाटी, नाव 'होमकमिंग'. दिल्लीची कलाकार बाई प्रेमाने पुढे आली. म्हणाली, खाली उभं राहून वर बघा, तुम्ही घरी बघता तसं. मी एक फळ हातात घेतलं. ते काचेसारखं गुळगुळीत लागलं.

"व्हार्निश आहे," ती म्हणाली. "पावसातही टिकेल. तुमच्या परंपरेला हा आमचा नमस्कार आहे."

मी विचारलं, यातलं बी आता रुजेल का? तिला प्रश्नच कळला नाही. तिचा राग मला आला, पण तेवढा नाही. ती परकी होती. तिला डोंगरातला एकेक वेल सापडला कसा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तू अंगणात आलास तेव्हा मी ओरडले, ते अख्ख्या वाड्याने ऐकलं असेल. तू तोंड वर करून म्हणालास, "जग बघतला आमची माटोळी. तू थंय बसान काय केलंस?"

त्याचं उत्तर आता लिहिते. मी गेले, खरं आहे. इथल्या म्हाताऱ्यांची धुणी धुते आणि माझ्या बापाच्या गुडघ्याला तेल लावायला मी तिथे नसते. त्यावरून तू मला काय वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन. पण मी जाताना पुढच्या चवथीचं बी घेऊन गेले नाही. तू गाव सोडला नाहीस आणि डोंगर ओरबाडून दिलास. रात्रंदिवस त्या मातीत राहून तुझा हात शेवटच्या फळाला धजला कसा? बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एक तरी वेलार आसा?" मी मान हलवली.

चवथीला आपल्या वडिलोपार्जित मोठ्या घरात सगळे जमलो. बाजारातून मिळेल ते आणून बाबांनी माटोळी भरली, पण मधली जागा मोकळी ठेवली. आरतीला सगळ्यांच्या माना वर गेल्या, तुझीही. लहानपणी तिथे फळ बांधायचा मान तुझा होता. प्रसाद घेताना तू हळूच विचारलंस, "एकय गावला नाय?" मी नाही म्हटलं.

खोटं बोलले. करवंदीच्या काट्यात, जिथे तुझी कात्री पोचली नाही, तिथे एक फळ होतं. हिरव्यावर नुकती लाली चढत होती. कोयती लावली असती तर गणपतीवर शोभलं असतं. मी ते वेलावर ठेवलं.

इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं की मी गोवा सांगते. ते समुद्राचं काहीतरी बोलतात आणि माझ्या डोळ्यांपुढे ती काट्यांची जाळी येते. आतापर्यंत फळ पिकून खाली पडलं असेल. ती जागा बाबांना मी सांगितली आहे. तुला सांगणार नाही.