सातवी अट

अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या त्या बैठ्या, लांबट घरांच्या वस्तीत एऊसेबिओ ब्राकामोंते साठ वर्षांनी पुन्हा आला, तो तिकीट काढून. वर्षातून एक दिवस ही घरं लोकांना बघायला खुली असतात, आणि नात मारिसेलानं हट्टच धरला होता. ऐन बाविशीत त्यानं इथल्या अकरा घरांच्या भिंती रचल्या होत्या. पण दारं बसल्यावर एकाही घरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

तिसऱ्या घरात मालकीणबाई, मिसेस हॅलव्हर्सन, शेकोटी दाखवत होत्या. एऊसेबिओनं विटांवरून अंगठा फिरवला. दोन विटांमधली एक दरज जरा वाकडी होती. "ही माझीच," तो नातीच्या कानात म्हणाला. "त्या दिवशी अंगात ताप होता."

शेजारी घराचं जुनं खरेदीखत चौकटीत लावलं होतं. त्यातल्या अटी वाचून लोक हसत होते: कोंबड्या पाळायच्या नाहीत, दुसरा मजला चढवायचा नाही. एऊसेबिओचं इंग्रजी वाचन कच्चं, म्हणून मारिसेला वाचून दाखवत होती. सातव्या अटीपाशी ती थांबली.

"काही नाही, ताता," ती आजोबांना म्हणाली. "चला पुढं."

"वाच म्हटलं ना."

तिनं हळू आवाजात वाचलं. मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे त्यांच्यासारख्या, माणसाला इथं राहता येणार नाही. घरगडी असेल तर चालेल.

एऊसेबिओनं शेकोटीच्या विटांवर हात टेकला. एकसष्ट साली तो आणि बायको एर्मिनिया इथलाच एक प्लॉट मागायला गेले होते. ऑफिसातल्या माणसानं गोड बोलून सांगितलं, शनिवारीच सगळे संपले. त्या शनिवारी एऊसेबिओ बेसबॉल खेळायला गेला होता. पुढं चाळीस वर्षं एर्मिनिया टोमणा मारायची, "जा, खेळ अजून!" तो मान खाली घालून ऐकायचा. ती गेली तीही खेळापायीच प्लॉट हुकला असं मानून.

हॅलव्हर्सनबाईंनी त्याला खुर्ची दिली. काय झालं ते कळल्यावर चष्मा लावून त्यांनी सातवी अट वाचली. दहा वर्षं ते खत भिंतीवर होतं. कोंबड्यांच्या पुढं त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. माफी मागत त्या चौकट उतरवू लागल्या.

"राहू द्या," एऊसेबिओ म्हणाला. "पण सातवीसुद्धा वाचून दाखवत जा."

गाडीत बसून त्यानं पट्टा लावला.

"म्हणजे शनिवारी गेलो असतो तरी मिळाला नसता."

"नसता, ताता."

"हे तुझ्या आजीला आता कोण सांगणार?"

संध्याकाळी त्यानं एकेका मुलाला फोन करून ती अट शब्दन् शब्द सांगितली. थोरल्याला दोनदा सांगावी लागली. त्याला खरंच वाटेना.