ड्युसेलडॉर्फ ते येना: जुन्या गाडीला नवे स्पीकर

आमची स्टेशन वॅगन आता पंचवीस वर्षांची झाली. चारपैकी तीन स्पीकर मुके आहेत. उरलेला एक, माझ्या शेजारच्या सीटच्या दारातला, नुसता खरखरतो. येनाला संशोधन करणारी माझी लेक इरा शेवटी फोनवर वैतागली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "मामा, नॉयेस राडिओ, फेर्टिश!" म्हणजे आई, नवा रेडिओ बसव, विषय संपव. तिनंच तिथल्या एका मेकॅनिकचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेऊन टाकला.

तिला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. जुन्या रेडिओत एक कॅसेट अडकली आहे आणि तिच्यात ह्यांचा आवाज आहे. पूर्वी हे येनाला नोकरीला होते, मी ड्युसेलडॉर्फला. शुक्रवारी मी एकटी गाडी घेऊन निघायची. नकाशा बघत चालवणं मला जमायचं नाही, म्हणून बाड हेर्सफेल्डच्या पुढचा अवघड तुकडा ह्यांनी कॅसेटवर बोलून ठेवला होता. हे जाऊन सहा वर्षं झाली. कॅसेट वाजत नव्हती, बाहेरही येत नव्हती. रेडिओ काढताना फीत तुटली, तर ह्यांच्या आवाजाचं दुसरं काहीच माझ्याकडे नाही.

गुरुवारी सकाळी सातला निघाले. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याची कामं धरून साडेपाच तास हाताशी ठेवा. ऑटोबानवर खाण्यापेक्षा एखाद्या गावात उतरून बेकरीत कॉफी घ्या, बरीच स्वस्त पडते. मी दशम्या आणि लसणीची चटणी बरोबर नेली होती.

हेर्सफेल्डनंतर धुकं दाटलं. एका पुलाच्या सांध्यावर गाडी उडाली आणि रेडिओत खट्ट झालं.

"…घाई करू नकोस गं. ट्रक जाऊ दे पुढे."

आवाज शेजारच्या सीटवरून आला. पुढे खरोखरच ट्रक होता.

"अहो," मी मोठ्यानं म्हणाले.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, आधी ऐकायचं, प्रश्न मागून. ती सवय अजून गेलेली नाही. मी वेग कमी केला.

आयझेनाखच्या पुढे हे म्हणाले, "आता डोंगर डावीकडे येईल. त्याला धरूनच राहा."

डोंगर उजवीकडे होता. होरझेलबेर्गच्या दक्षिणेचा जुना ऑटोबान उखडून टाकलाय. नवा रस्ता डोंगराच्या उत्तरेकडून जातो. हे मला माहीत आहे, या रस्त्यानं मी कितीदा गेले आहे. तरी ह्यांनी "आता पंप, उजवी लेन घे" म्हटल्याबरोबर मी इंडिकेटर लावला. उजवीकडे कठडा होता आणि त्यापलीकडे धुक्यात नांगरलेलं शेत. ह्यांचा आवाज मात्र डोंगरापलीकडच्या त्या नसलेल्या रस्त्यावरून शांतपणे जात राहिला. पंपावर थांबला. "कॉफी घे, हात गरम होतील," म्हणाला. मग पुन्हा खट्ट, आणि काही नाही.

येनातला मेकॅनिक उवे साठीचा. त्याच्या गॅरेजमध्ये मी इराला सगळं सांगितलं.

उवेनं टॉर्च लावून रेडिओत डोकावून पाहिलं. "फीत गुंडाळली गेलीय. आल्झो, तर मग नवा रेडिओ नकोच. हाच उघडतो, फोनसाठी मागे छोटा अडॅप्टर जोडतो आणि दारांत चार नवे स्पीकर. दोन दिवस द्या."

"आणि तुटली तर?" इरानं जर्मनमध्ये विचारलं.

"तर तुटली. गेनाऊ, अगदी म्हणूनच दोन दिवस मागतोय."

ते दोन दिवस आम्ही झाले नावाच्या नदीच्या काठानं चालत राहिलो, बटाट्याचे क्लोसे, म्हणजे उकडलेले गोळे, खाल्ले. चव कशी होती विचारू नका, माझं लक्ष नव्हतं.

शनिवारी उवेनं कॅसेट माझ्या तळहातावर ठेवली. अख्खी. सगळं मिळून सहाशे युरोच्या आत झालं. नव्या स्पीकरवर दोन वाक्यं वाजली आणि इरा अडखळत म्हणाली, "बाबा… किती हळू बोलायचा." मराठीत. मग लॅपटॉपवर कॉपी करायला बसली.

"दुसरी बाजू ऐकलीत कधी?" उवेनं विचारलं.

नव्हती ऐकली. येताना रस्ता पाठ असायचा, कधी लावावीच लागली नाही.

रविवारी परतताना गोथाजवळ ती बाजू लावली. सुरुवातीला हे म्हणाले, "परतीचा रस्ता तुला ठाऊक आहे. मी नुसता बसतो."

त्यानंतर एक शब्द नाही. जुन्या स्पीकरवर ती कोरी वाटली असती. नव्यांतून सगळं ऐकू येत होतं: श्वास, जाकिटाची चेन, खिशातल्या नाण्यांशी चाललेला चाळा. मी लेन बदलली, तेव्हा शेजारी कुणीतरी घसा खाकरला. मी घाईनं लेन बदलली की हे असेच खाकरायचे. पंचेचाळीस मिनिटं मी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

घरी येऊन आठवडा झाला. जुनी गाडी असेल तर स्पीकर जरूर बदला, आणि आत कॅसेट असेल तर आधी मेकॅनिकला सांगा. दुसरी बाजू मी पुन्हा लावलेली नाही, इरालाही अजून दिलेली नाही. पण बाजारातून येताना भाजीच्या पिशव्या मी आता शेजारच्या नाही, मागच्या सीटवर ठेवते.