सिपिओने सोडलेली नवरी

आमच्या अँटवर्पमध्ये छापील चित्रं रंगवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण डिग्नासारखा हात कुणाचा नव्हता. ती एकटीच राहायची. का, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

वीस वर्षांपूर्वी स्पॅनिश शिपायांनी शहर लुटलं, तेव्हा एकोणीस वर्षांची डिग्ना त्यांच्या हाती लागली. तिसऱ्या दिवशी एका कप्तानानं तिला स्वतः घरी आणून सोडलं. "हिला कुणी बोटही लावलेलं नाही," असं त्यानं तिच्या बापाला शपथेवर सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण लाम्बेर्तशी ठरलेलं तिचं लग्न मोडलं, आणि पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

यंदा ईस्टरनंतर चित्रांचा दुकानदार येरून नवे कागद घेऊन तिच्याकडे आला. त्यावर रोमचा सेनापती सिपिओ एका बंदिवान मुलीला तिच्या नियोजित वराच्या हवाली करत होता.

"मावशी, दयेचं चित्र आहे. मुलीचा झगा लाल करा."

"पुढं काय झालं? केलं का त्यानं हिच्याशी लग्न?"

"केलं की! म्हणून तर सिपिओचं एवढं नाव."

"सिपिओचं कशाला? त्या पोराचं नाव घ्या की," डिग्ना म्हणाली.

आठवड्यानं लाम्बेर्तच तिच्या दारात उभा राहिला. केस पिकलेले, टोपी हातात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात भेट म्हणून त्याला तेच चित्र हवं होतं. येरूननं त्याला इकडे पाठवलं होतं.

डिग्नानं वाळलेला एक कागद काढून दिला. तो बराच वेळ बघत राहिला.

"डिग्ना, कप्तानाच्या शब्दावर माझा विश्वास होता गं. पण आई ऐकेना."

"या चित्रातल्या पोरालाही आई असेलच की, लाम्बेर्त."

तिनं चित्राची नीट गुंडाळी करून दोरा बांधला.

"पोर सुखी राहो. आणि उद्या तिच्यावर काही बेतलं, तर दार उघडं ठेव."

"ठेवीन," तो म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून मनुका घातलेला मोठा गोड पाव आला. एवढा पाव एकट्या बाईला संपणार कसा? समोरच्याच घरातून मी हाक मारली असती, तर ती आमच्याकडे घेऊन आलीही असती. मी मारली नाही. डिग्नानं तो पाच दिवस पुरवला. शेवटी कडक झालेले तुकडे बियरमध्ये बुडवून, खिडकीशी बसून खाल्ले.