दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण

कुंडलिक तळेकर परीक्षेत नापास झाला, तेव्हा ज्यांना हिशेबातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही त्याला शहाणपण शिकवलं. मी शिकवलं नाही. माझं नवी पेठेत कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला मापून कापड द्यावं आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये, एवढं मला कळतं. पण त्या माणसाला लोकांनी जे जे ऐकवलं ते आठवलं, की अजून माझं डोकं फिरतं.

कुंडलिक मूळचा केम गावचा. बाप रावजी शेतकरी. शाळा शिकून हा आधी एका आडत दुकानात मुनिमाच्या हाताखाली राबला आणि मग इथल्या एका गिरणीत कारकून झाला. त्याचा डोळा एकाच गोष्टीवर होता, हिशेब खात्यातल्या मोठ्या खुर्चीवर. ती रिकामी होणार होती. पण मॅनेजरसाहेबांचा नियम असा, की मुंबईला जाऊन सरकारी हिशेबनिसाची परीक्षा पहिल्या खेपेस पास होईल, त्यालाच ती खुर्ची. दुसऱ्या खेपेस पास होणारा कितीही हुशार असो, तो कारकूनच राहणार. साहेब म्हणायचे, एकदा चुकला तो पुन्हा चुकणारच.

कुंडलिक चुकला, आणि आपल्याकडचाच माणूस चुकेल तसा चुकला. आपल्या देशी खतावणीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी वह्यांत नेमकं उलट. गिरणीत तो इंग्रजी पद्धतीनं बिनचूक लिहायचा. पण परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला घाम फुटला आणि हात आडत दुकानातल्या जुन्या वळणावर गेला. पानंच्या पानं त्यानं उलट्या बाजूंनी भरली. बेरजा जुळल्या म्हणून खुशीत बाहेर आला. बाहेर बाकीचे उमेदवार बोलायला लागले, तेव्हा त्याला कळलं, आपण बाजूच उलट्या केल्या.

त्याच परीक्षेत त्याच्याच खात्यातला शिवयोगी पहिल्या खेपेस पास झाला. खुर्ची त्याला मिळाली, गिरणीचं घर मिळालं, सोयरीक जुळवायला माणसं दारात बसू लागली. पहिल्या खेपेचा फायदा होतो का, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगेन, होतो. रग्गड होतो. शिवयोगीबद्दल माझी तक्रार नाही, तो गुणी होता. माझा राग आहे तो नियमावर.

पुढच्या वर्षी कुंडलिकही पास झाला. सर्टिफिकेट घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, "छान. खुर्ची पुढं रिकामी झाली तरी नियम तो नियम. आता कामाला लागा." कुंडलिकनं त्याच दिवशी नोकरी सोडली आणि माझ्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. जिन्यापाशी पाटी लावली. वर नाव, खाली पदवी, आणि त्याखाली तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत, 'दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण'.

मी म्हटलं, "अरे, ही ओळ कशाला? धंदा करायचाय ना तुला?"

"लोक म्हागारी बोलत्यातच की, अण्णा. त्यास्नी कशाला तरास? मीच लिवून टाकलं."

पेठेत हसण्याला ऊत आला. लोक पाटी वाचायला मुद्दाम वाट वाकडी करून येत. जिना मात्र कुणी चढेना. घरात चूल कशीबशी पेटत होती. त्याची बायको वच्छला एकदा दुकानात आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "त्याला समजाव. ती ओळ पुसू दे."

"मी विड्या वळीन," ती म्हणाली. "ती ओळ न्हाय पुसायची. त्येनं चोरी केली न्हाय."

दोघंही एका माळेचे मणी.

मग एक दिवस चादरींचे व्यापारी कल्लप्पा आले. अक्कलकोटकडचे, मराठी बोलताना मधूनच कानडी. पाटी वाचून ते जिना चढले आणि उभ्याउभ्या विचारलं, "कशात नापास झाला हो तुमी?"

कुंडलिकनं आडपडदा न ठेवता सांगितलं. कल्लप्पा पोट धरून हसले. "अय्यो, आमचा मुनीम रोज त्यातच नापास होतोय की. बँकेला इंग्रजी हिशेब पायजे म्हणतेत, आनि ह्यो जमेचं नाव्यात घालतोय. मुंबईचा माणूस आणला, त्याला आमची वहीच वाचता येईना. चला तुमी."

देशी वहीवरून इंग्रजीत जाताना हात कुठं घसरतो, हे कुंडलिक स्वतः घसरून शिकला होता. कल्लप्पांमागून दुसरे आले, तिसरे आले. वच्छलेच्या विड्या बंद झाल्या.

काही वर्षांनी शिवयोगी मोठ्या नोकरीवर मुंबईला गेला. खुर्ची पुन्हा रिकामी झाली, पहिल्या खेपेस पास झालेला खात्यात कुणी उरला नव्हता, आणि साहेबांची मोटार माझ्या दुकानापुढे थांबली. कुंडलिक खाली आला. साहेब दारातच म्हणाले, "तळेकर, खुर्ची तुमची."

कुंडलिकचा चेहरा उजळला. तो मी पाहिला. मग त्यानं विचारलं, "आनि नियम?"

"नियम तसाच राहील. तुमच्यापुरता अपवाद."

"खात्यात धा जन हायेत साहेब. येकदा नापास झाले आन् पुस्तकं बांदून ठिवली. कशाला वाचायचं, खुर्ची तर मिळनार न्हाय. त्येंच्यासाटी नियम काडा, मी उद्या येतो."

"एकदा चुकला तो पुन्हा चुकतो, तळेकर. मी मत बदलत नाही."

"मला नाकारलं तवा तुमी चुकला, म्हनून तर आज हितं आला. मंग तुमाला कशी ठिवली खुर्ची?"

साहेब लालबुंद झाले. तरातरा जाऊन मोटारीत बसले. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मी वळून पाहिलं, तर कुंडलिक दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"ती खुर्ची मला लई पायजे व्हती, अण्णा," तो म्हणाला. "आजबी पायजे."

मी म्हटलं, "मग हाक मार. मोटार अजून कोपऱ्यावरच असेल."

"न्हाय," तो म्हणाला, आणि भर पेठेत, लोकांदेखत, हमसून हमसून रडला.