रघुमामाचे सहा आठवडे

"किती घेता?" असं कुणी विचारलं की रघुमामा आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायचा आणि मग उत्तर ठरवायचा. मामीला, "घोटभर." पाहुण्यांना, "कधीमधी." डॉक्टरांना, "सणासुदीला." खरं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं, रोज संध्याकाळी, दुकानाचं शटर ओढलं की एक क्वार्टर. बाजाराच्या दिवशी दोन.

अंथुर्ण्यात मामाचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, असं ते काम. पार बावड्याकडून लोक त्याच्याकडे मोटारी घेऊन यायचे आणि आधी शिव्या खायचे. "अरं, जळायच्या आधी आवाज बदलतो तिचा. तुमी कान कुठं ठिवता?" हे ऐकून मला हसावं की रडावं कळायचं नाही. कारण स्वतःच्या बाबतीत मामाला दोन्ही कान नव्हते.

मी बारामतीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मामानं दाढ काढली आणि दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हा मामीनं त्याला धरून माझ्याकडे आणलं. त्याच्या रक्ताचा थेंब लावलेली काच मीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी, तांबड्या पेशी नको तेवढ्या मोठ्या. मी त्याला लगेच शेजारच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. "हाडाच्या आत मगज असतो, रक्त तिथं तयार होतं. बरीच वर्षं दारू घेतली की ते काम मंदावतं. सहा आठवडे एक थेंबही नको. आकडे सुधारले तर उत्तम. नाही सुधारले तर मगजातच काही बिघडलंय का, ते पुण्याला बघावं लागेल." मामानं तिथंच मामीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तिसऱ्या आठवड्यात मी अंथुर्ण्याला गेले. मामा जवळ आला आणि मला वास आला.

"मामा?"

"वार्निश हाय त्ये. मोटारीला लावतो न्हवं का!"

वार्निशचा वास मला लहानपणापासून माहीत आहे. पण मामीच्या देखत तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला मामावरच्या रागाइतकाच येतो.

सहा आठवड्यांनी आकडे तसेच होते. बाईंनी पुण्याची चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर मामा रस्त्यातच थांबला. "तायडे, घाई नगं. आगं, मी घेत हुतो थोडी. म्हंजे ही तपासणी धरायचीच न्हाय. आता खरंच सोडतो. पयल्यापास्नं मोजू."

मी डोक्याला हात लावला. आधी खोटं बोलून सहा आठवडे घालवले, आणि आता ते खोटं कबूल करून आणखी सहा मागत होता! मी परत आत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता थांबू नका. पुण्याला जा, आणि सोडायची तर माझ्या देखरेखीखाली सोडा, रोज इतकी घेणाऱ्यानं एकदम सोडणंही धोक्याचं असतं." मामानं बाईंनी दिलेल्या दारू सोडायच्या गोळ्या घेतल्या, पण पुण्याचं नाव काढू दिलं नाही. मी भांडले, मामी रडली, तो हलला नाही.

या वेळी मात्र त्यानं खरंच सोडली. हात इतके थरथरायचे की तार धरता यायची नाही. दुकान बंद ठेवून ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचा. पाचव्या आठवड्यात ताप आला तो उतरेना. पुण्याला नेलं, मगज तपासला. रक्ताचा कॅन्सर.

यावर मामा काय म्हणाला असेल? "बघ! पीत हुतो तवर धडधाकट. सोडली आन् कॅन्सर झाला!"

मी तिथल्या डॉक्टरांना त्याच्यासमोरच विचारलं, हे दारूनं झालं का? ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, "एका माणसाबाबत तसं खात्रीनं सांगता येत नाही. पण यकृत इतकं खराब झालंय, की औषध पूर्ण ताकदीनं देता येणार नाही. आणि तुम्ही उशिरा आलात." मामानं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "डाक्टरनं दारूला निर्दोष सोडलं." मामी पदर तोंडाला लावून बाहेर जायची. मला वाटायचं, या माणसाला गदागदा हलवावं. पण दंडाला नुसता हात लागला तरी काळानिळा डाग उठायचा.

दोन महिन्यांत मामा गेला. माझ्याकडे, मामीकडे त्यानं शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही.

पण जाण्याच्या आठवडाभर आधी शेजारच्या खाटेवर डाळजचे एक गृहस्थ आले. सिस्टर फॉर्म भरत होती. "दारू?"

"क्वचित," ते म्हणाले. सिस्टर लिहून निघाली.

मी मामाला पाणी पाजत होते. त्यानं भांडं बाजूला सारलं आणि कोपरावर उठायचा प्रयत्न केला.

"ओ पाव्हणं," तो म्हणाला, "निम्मं सांगू नगा. म्या निम्मं सांगितलं. डाक्टर तरी काय करणार, निम्म्यावरच औषध झालं."

मी भांडं धरून उभी. हेच माझ्यासमोर, मामीसमोर, चार महिने आधी बोलला असता तर! परक्या माणसाला सांगायला बरं सुचलं. मामा बोलून दमला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पाहुणे उठून बसले. मग त्यांनी हाक मारली, "सिस्टर, जरा हिकडं या. मघाचं खोडा."